एकाच चेहऱ्याची दोन वयं

प्रश्न : आम्ही खजरान्यात राहतो, गणपती मंदिरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. माझे बाबा तीसेक वर्षं टेम्पो चालवतात. सकाळी माल घेऊन देवासला जायचं, संध्याकाळी परत यायचं. परवा भावाच्या साखरपुड्याचे फोटो बघताना लक्षात आलं, की त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसतो. उजव्या डोळ्याजवळ सुरकुत्यांचं जाळं आहे, गालावर काळपट डाग आहेत. डावा गाल मात्र अजून बऱ्यापैकी तुकतुकीत आहे. आई म्हणते, ते उजव्या कुशीवर झोपतात म्हणून. काका म्हणतात, पाणी कमी पितात म्हणून. खरं कारण काय? आणि माझं स्वतःचं विचारते. मी रोज दुपट्टा बांधून स्कूटीवर विजयनगरला नोकरीला जाते, तरी चौतिसाव्या वर्षी गालांवर डाग यायला लागलेत. पार्लरवाल्या ताईंनी एक क्रीम दिलं आहे. लावू का?
— एक वाचक, खजराना, इंदूर

उत्तर : काकांचा मुद्दा आधी निकालात काढू. पाणी कमी प्यायल्याने एकच गाल सुरकुतत नाही. बाबांचे दोन्ही गाल एकाच आईबापांकडून आलेले, एकाच वयाचे, एकाच ताटात जेवलेले आणि एकाच रात्री जागलेले. त्यामुळे आनुवंशिकता, आहार, पाणी, काळज्या, अपुरी झोप ही नेहमीची सगळी कारणं इथे एकदम बाद होतात. दोन गालांत फरक पडला असेल, तर त्याचं कारणही दोन बाजूंना वेगवेगळं वागलेलं असलं पाहिजे. एरवी असा चोख पुरावा मिळवायला संशोधकांना बरीच खटपट करावी लागते. तुम्हाला तो साखरपुड्याच्या अल्बममध्ये मिळाला.

तुमच्या आईला मात्र थोडे गुण द्यायला हवेत. वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपलं तर त्या बाजूला घड्या पडतात हे खरं आहे. पण उशीने पडलेली घडी बहुधा उभी किंवा तिरकी असते आणि उशी डाग पाडत नाही. डाग पाडतो तो उजेड. आता बाबा गाडीत कुठे बसतात ते आठवा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे खिडकी त्याच्या उजव्या गालाला लागून असते.

त्यातून त्यांचा रस्ताही नेमका तसाच आहे. इंदूरहून देवास ईशान्येला. सकाळी तिकडे जाताना गाडीची उजवी बाजू आग्नेयेकडे असते, म्हणजे उगवून वर आलेलं ऊन थेट उजव्या खिडकीतून आत. संध्याकाळी परतताना गाडीचं तोंड नैर्ऋत्येला आणि उजवी बाजू वायव्येला, म्हणजे उन्हाळ्याचं उतरतं ऊन पुन्हा त्याच गालावर. रोज सकाळी देवासहून माल आणणारा आणि संध्याकाळी परत जाणारा एखादा चालक भेटला, तर त्याचाही चेहरा जरा निरखून बघा. माझ्या हिशेबाने त्याचा उजवा गाल तुमच्या बाबांच्या गालापेक्षा बराच बरा असायला हवा.

अमेरिकेतल्या अशाच एका चालकाची गोष्ट वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. शिकागोच्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका माणसाचा फोटो छापला. तो २८ वर्षं सामान पोचवणारा ट्रक चालवत होता. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे त्याचा डावा गाल खोल चरांनी भरून लोंबायला लागला होता आणि उजवा त्याच्या वयाला शोभेल असा होता. फोटोच्या मधोमध कागद धरून एकेक बाजू पाहिली, तर मुलगा आणि बाप वाटावेत. गंमत अशी, की हे ऊन काचेतून गाळून आलेलं होतं.

काचेमागे बसलं की ऊन लागत नाही हा आपल्या सगळ्यांचा समज. तो अर्धा बरोबर आहे. सूर्याच्या अतिनील किरणांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोचतात. बी प्रकारचे किरण कातडी भाजतात, लाल करतात आणि साध्या काचेत अडकतात. ए प्रकारचे भाजत नाहीत, म्हणून कळतही नाहीत, पण काचेतून आरपार जातात आणि कातडीच्या खालच्या थरापर्यंत पोचतात. जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा याच मुकाट प्रकाराचा असतो. गाडीची समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवतात आणि तो थर या किरणांना जवळजवळ पूर्ण अडवतो. बाजूच्या काचेत तसा थर सहसा नसतो. आणि मे महिन्यात मालव्यात टेम्पोची काच वर कोण ठेवतं? काच खाली, कोपर बाहेर. म्हणजे दोन्ही प्रकारचे किरण, आणि गालासोबत हातही. बाबांचे दोन्ही हात शेजारी ठेवून बघा, गालांचीच कथा तिथे दिसेल.

खालच्या थरात काय होतं? तिथे कोलॅजेनचे धागे कातडीला ताठ धरतात आणि इलॅस्टिनचे धागे ओढलेली कातडी परत जागेवर आणतात. ए किरणांमुळे पेशी अशी विकरं सोडतात जी कोलॅजेन तोडतात. इलॅस्टिनचे धागे विस्कटून त्यांचे गोळे होतात. नवारीच्या खाटेची पट्टी रोज थोडीथोडी सैल होते तसं हे चालतं. पहिली दहा वर्षं कुणाला जाणवत नाही आणि एक दिवस खाटेला झोळ आलेला दिसतो. यात आपल्या सावळ्या कातडीला एक आधार आहे. मेलॅनिन बरेच किरण स्वतः गिळतं, म्हणून गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात. पण तेच मेलॅनिन चिडलं की जागोजागी साठतं. आपल्याकडे वय आधी डागांतून आणि रंगातल्या असमानपणातून दिसतं, सुरकुत्या मागाहून येतात.

तुमची स्वतःची कातडी वयाने किती थकली आहे आणि उन्हाने किती, हे बघायला दवाखाना लागत नाही. दंडाची आतली, काखेजवळची बाजू उजेडात धरा आणि मनगटाच्या वरच्या बाजूशी ताडून बघा. आतली बाजू हे तुमचं खरं वय. सत्तरीच्या आजीबाईंचा दंडाचा आतला भाग अनेकदा नातीच्या चेहऱ्याहून नितळ असतो.

क्रीमच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास भेटतं : चेहऱ्यावरच्या म्हातारपणाचा ८० टक्के दोष उन्हाचा. हा आकडा २०१३ च्या एका अभ्यासातून आला. तो फ्रान्समधल्या २९८ गोऱ्या बायकांवर, लॉरिआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या संशोधकांनी केला होता. तो खोटा नाही, पण मालव्यातल्या गव्हाळ चेहऱ्याला तो जसाच्या तसा चिकटवू नये. ऊन हा सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे, एवढं म्हणायला बाबांचे दोन गाल पुरेसे आहेत.

आता बाकीचे गुन्हेगार. त्यांच्याकडेही मी त्याच नजरेने बघतो : तुलना कुणाशी केली, आणि ती न्यायाची होती का?

तंबाखूच्या बाबतीत अशी तुलना झाली आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे दरवर्षी जुळ्यांचा मेळा भरतो. तिथल्या एकसारख्या जुळ्यांच्या ७९ जोड्या संशोधकांनी घेतल्या. त्यांत एक भावंड ओढणारं होतं आणि दुसरं न ओढणारं किंवा बरंच कमी वर्षं ओढलेलं. कोण ओढतं हे परीक्षकांना सांगितलं नव्हतं. फोटो पाहून त्यांनी जास्त ओढणाऱ्यांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, ओठांभोवतीच्या रेषा आणि लोंबलेले गाल जास्त म्हणून नोंदवले. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. त्याआधी, १९८५ मध्येच, एका इंग्रज डॉक्टरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये धूम्रपान करणाऱ्याचा चेहरा नुसत्या नजरेने ओळखता येतो, असं लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे ओढण्यापेक्षा चघळण्याचं प्रमाण मोठं. गुटख्यावर बंदी घालणारं पहिलं राज्य मध्य प्रदेश, एप्रिल २०१२ पासून. तरी पानाच्या टपरीवर सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या शेजारी शेजारी लटकतच असतात. सुपारीने गालाची आतली बाजू निबर होते, तोंड पुरतं उघडेनासं होतं, गाल आत ओढले जातात आणि माणूस वयापेक्षा मोठा दिसू लागतो. अर्थात त्या वेळी दिसण्याची काळजी करण्याची वेळ टळलेली असते, कारण ती कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते.

धुराचं प्रकरण तुमच्या रिंग रोडला लागू आहे. जर्मनीत रूर हा कारखानदारीचा पट्टा आणि त्याला लागून असलेला ग्रामीण भाग इथल्या ७० ते ८० वर्षांच्या ४०० बायकांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. वाहनांच्या काजळीत जास्त राहिलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर डाग साधारण २० टक्क्यांनी अधिक आढळले. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं येतं याचा तुम्हा मंडळींना रास्त अभिमान आहे, पण रस्त्यावरचा कचरा उचलला म्हणजे खजराना चौकातल्या सिग्नलला थांबलेल्या ट्रकचा धूर उचलला गेला असं नाही. त्यावर उपाय साधा : घरी आल्यावर सौम्य साबणाने तोंड धुणं. दिवसातून पाच वेळा नाही, खसाखसा घासून तर नाहीच.

साखर? रक्तातली साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते, धागे कडक होतात, आणि जुन्या मधुमेह्यांची कातडी जाड-ताठ होते ती याच वाटेने. पण मधुमेह नसलेल्या माणसाने पोह्यांबरोबर जिलबी खाल्ल्याने त्याच्या चेहऱ्यावर किती सुरकुत्या वाढतात, हे मोजलेला अभ्यास माझ्या वाचनात नाही. शिवाय जिलबी दोन्ही गालांनी खाल्ली जाते. तिला पोटासाठी आवर घाला, गालांसाठी नको.

आता तुमचा दुपट्टा. इंदुरातल्या आणि पुण्यातल्या मुली चेहरा असा गुंडाळून घेतात, की सख्ख्या मावशीलाही सिग्नलवर ओळख पटू नये. सवय चांगली आहे, कापड अनेकदा वाईट असतं. शिफॉन किंवा विरळ पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरण बरेच पार होतात. दुपट्टा उन्हासमोर धरा. त्यातून लख्ख उजेड दिसला तर किरणही येतात असं समजा. घट्ट विणीचा, गडद रंगाचा दुपट्टा नुसता एकेरी असला तरी त्याहून सरस. घामाने भिजलेलं सुती कापड आणखी कमी अडवतं. आणि दुपट्ट्यात उघडी राहते ती डोळ्यांभोवतीची पट्टी, जिथली कातडी सगळ्यात पातळ. ऊन डोळ्यांवर आलं की आपण डोळे बारीक करतो आणि कोपऱ्यात चुण्या पडतात. हेल्मेटची पुढची काच पॉलिकार्बोनेटची असेल तर ती हे किरण चांगले रोखते. मात्र ती खाली ओढलेली हवी, कपाळावर चढवलेली नको.

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, म्हणजे सूर्य वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, बरोबर डोक्यावर येतो. पण मेपुरतं सावध राहून भागत नाही. ए किरण ढगांतून येतात आणि थंडीतही बऱ्यापैकी येतात. तिळ चतुर्थीला खजरान्याच्या गणपतीला सव्वा लाख लाडवांचा नैवेद्य असतो, रांग लांबच लांब लागते, आणि जानेवारीचं कोवळं ऊन म्हणून सगळे तोंड उघडं ठेवून तासन्‌तास उभे राहतात. तेच एप्रिलमधल्या गच्चीचं. कुरडया आणि पापड घालायला चढायचं ते नेमकं अकरा ते एकच्या उन्हात, डोक्यावर पदर आणि हात उघडे. घरातल्या बायकांचं हे ऊन कुणी मोजत नाही, कारण त्या ‘घरातच असतात’.

सनस्क्रीनबद्दल भरवशाचा पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावचा आहे. तिथे ५५ वर्षांखालच्या ९०३ माणसांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. एका गटाने सनस्क्रीन रोज लावायचं, दुसऱ्याने आपल्या मर्जीप्रमाणे. १९९२ ते १९९६ अशी साडेचार वर्षं हे चाललं. हाताच्या पाठीच्या कातडीचे ठसे घेऊन ताडले तेव्हा रोज लावणाऱ्यांच्या गटात कातडीचं म्हातारपण २४ टक्क्यांनी कमी भरलं. मध्यमवयीन लोकांनाही फायदा झाला. बाटलीवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः भाजणाऱ्या बी किरणांचा असतो. ए किरणांसाठी पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघा. तीस एसपीएफ साधारण ९७ टक्के बी किरण अडवतो आणि पन्नास ९८ टक्के, म्हणून शंभराच्या मागे पैसे घालवू नका. पैसे जातात ते प्रमाणात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर भरून येईल एवढं लागतं. पन्नास ग्रॅमची ट्यूब तुम्हाला सहा महिने पुरत असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, त्याचा वास घेता. ड जीवनसत्त्वाची काळजी वाटत असेल तर ते रक्ततपासणी करून गोळीने भरून काढा, गाल पणाला लावू नका.

बाबांना क्रीम लावायला सांगून ते लावतील अशी माझी कल्पना नाही. त्यांना लांब बाह्यांचा गडद सुती शर्ट आणि रुंद काडीचा गॉगल पुरे. काचेवर काळी फिल्म लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ पासून तिला मनाई केली आहे. त्यांच्या उजव्या गालावर किंवा कानावर न भरणारी, पुन्हा पुन्हा खपली धरणारी जखम असेल तर मात्र दाखवून घ्या. सावळ्या कातडीत उन्हाने होणारा कर्करोग कमी आढळतो, पण आढळतच नाही असं नाही.

तुमच्या गालांवरचे डाग कदाचित म्हातारपणाचे नसतीलच. तिशीत दोन्ही गालांवर सारखे उमटणारे तपकिरी पट्टे बहुधा वांग असतात. बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्याची देणगी आणि ऊन मिळून ते येतात. वांगाला अतिनीलच नव्हे, साधा दिसणारा उजेडही चिडवतो. म्हणून त्यासाठी लोह ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन सांगतात. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या रसातली द्रव्यं उन्हात कातडी भाजतात आणि आधीपेक्षा गडद डाग सोडून जातात.

आणि आता ते क्रीम. नाव लिहिलं नाहीत, पण लेबल नसलेली डबी किंवा ‘मिक्स’ केलेलं काही असेल तर लावू नका. या मलमांत बहुतेक वेळा तीव्र स्टेरॉइड असतं, सोबत रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा उजळतो, पुरळ बसतं, शेजारणी विचारतात काय लावतेस. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमं आणि लव येते, चुलीजवळ गेलं तरी आग होते. बंद केलं की सगळं दुप्पट उसळतं, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. ऊन वीस वर्षांत करतं ते पातळ होण्याचं काम ही ट्यूब काही महिन्यांत करते. भारतातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३, म्हणजे दर सातातला एक, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानात ती मनाई किती पाळली जाते हे तुम्हीच काउंटरवर उभं राहून बघू शकता.

दुसरा धोका पाऱ्याचा. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात पारा मुद्दाम घालता येत नाही, नकळत आला तरी दहा लाखांत एक भाग ही मर्यादा आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आल्याची बातमी आली. तिघी पार्लरमधून आणलेलं गोरेपणाचं क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातून गोरेपण काढून टाकलं. डबीतल्या क्रीमना तर नावच नसतं, त्यामुळे काय काढायचं हाही प्रश्न पडत नाही.

लावायला सुरुवात केली असेल आणि महिना होऊन गेला असेल, तर एकदम बंदही करू नका. एमवाय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ते हळूहळू उतरवतील आणि वांगासाठी वेगळं औषध देतील. अ जीवनसत्त्वापासून बनलेलं ट्रेटिनॉइन उन्हाने बिघडलेली कातडी काही अंशी सावरतं हे १९८६ पासून माहीत आहे, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि दिवस गेलेले असताना मुळीच नाही. जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, डब्या आणि रिकामी वेष्टणं पिशवीत घालून न्या. ‘एक पांढरं क्रीम होतं’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, आणि डबीवर काहीच लिहिलेलं नसेल तर तेही त्यांना दाखवायलाच हवं.